अनाथ पॅकेजला पालक हवा

1993 म्हटलं की आपल्याला किल्लारीच आठवते. त्याच वर्षी, भूकंपाच्या दीड महिना आधी, 16 ऑगस्टला इयन मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने 'डेबियन'ची घोषणा केली. लिनक्सची ही मांडणी स्वयंसेवकांनी मिळून सांभाळायची, प्रत्येक पॅकेजवर सांभाळणाऱ्याचं नाव असायचं.

आपला त्याच्याशी संबंध काय? 'लोहित' फॉन्ट घ्या. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला हा फॉन्ट रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला. पण खुला झाला म्हणजे काम संपत नाही. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तो चालतो का, 'तऱ्हा' नि 'पुऱ्या' नीट उमटतात का, हे कुणीतरी पाहावंच लागतं. सांभाळणाऱ्याने हात काढून घेतला, की डेबियन ते पॅकेज 'अनाथ' जाहीर करतं. शब्द त्यांचाच. कुणी दत्तक घेतलं तर ठीक. नाहीतर दोष साचतात आणि शेवटी ते वगळलं जातं.

2024 मध्ये याहून वाईट घडलं. 'एक्सझेड' हे पॅकेज वर्षानुवर्षं एकट्याने ओढणारा माणूस थकला होता. मदतीच्या मिषाने टोपणनावाचा कुणी आला, विश्वास कमावला आणि चोरवाट घुसवली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड यांनी खोदून पाहिलं, म्हणून ती सापडली.

तेव्हा लातूर-नांदेडच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढंच सांगू: नवं काही लिहायची घाई नको. चालू पॅकेजमधला एक दोष नीट नोंदवा, एक दुरुस्ती तपासून द्या. एकट्याच्या जोडीला खात्रीचा दुसरा माणूस उभा राहणं, ही गरज जुनीच आहे.