चौकट आणि चित्र : केकू गांधी आणि मुंबईच्या आधुनिक कलेतील मध्यस्थाचे स्थान

आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास सामान्यतः दोन प्रकारे लिहिला जातो. एक प्रकार प्रतिभावंतांच्या चरित्रांचा, दुसरा समूह, जाहीरनामे आणि बंडे यांचा. दोन्ही प्रकारांत चित्र निर्माण करणारा असतो आणि चित्र पाहणाराही असतो. मात्र या दोघांना एकमेकांसमोर आणणारा तिसरा घटक बहुधा तळटीपेत जातो. कलाविक्रेता हा शब्दच मराठी समीक्षेला काहीसा ओशाळवाणा वाटत आला आहे. याची मुळे आपल्या सौंदर्यविचारातही आहेत. मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताने कलाकृतीच्या अंतर्गत संघटनेला जे प्राधान्य दिले, त्यामुळे कलाकृतीच्या स्वायत्ततेचे भान मराठी समीक्षेला तीव्रतेने आले. परंतु त्याच भानाने कलाकृती ज्या व्यवहारातून आस्वादकापर्यंत पोहोचते, तो व्यवहार समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवला. कलाकृती स्वायत्त असली तरी ती भिंतीवर आपोआप चढत नाही, हे साधे सत्य त्यामुळे सिद्धान्तनात उतरले नाही.

मुंबईतील केमोल्ड गॅलरीचे संस्थापक केकू गांधी (१९२०–२०१२) यांच्या कारकिर्दीचा विचार या संदर्भात उद्बोधक ठरतो. ते स्वतः चित्रकार नव्हते आणि समीक्षकही नव्हते. तरीही १९४० नंतरच्या मुंबईत कशाला चित्र म्हणावे, ते कोठे पाहावे आणि कोणी घ्यावे, या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांवर त्यांच्या कामाचा ठसा आहे.

वांद्र्याच्या समुद्रकिनाऱ्यावरील ‘केकी मंझिल’ या वास्तूत राहणाऱ्या सुखवस्तू पारशी कुटुंबात ते वाढले आणि शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले तेव्हा ते मुंबईत होते. परतीचा मार्ग बंद झाला. एका बेल्जियन परिचिताच्या सहवासातून त्यांचे लक्ष चित्रांच्या चौकटींकडे वळले आणि १९४१ मध्ये त्यांनी चौकटींच्या पट्ट्या तयार करण्याचा उद्योग सुरू केला. ‘केमिकल मोल्डिंग’ या शब्दांचा संक्षेप म्हणजे ‘केमोल्ड’. आधुनिक कलेशी पुढे एकरूप झालेले हे नाव मुळात एका कारखान्याचे आहे, ही गोष्ट केवळ गमतीची नाही. कलासंस्थेचा उगम येथे धनिकाच्या संग्रहातून वा राजाश्रयातून झालेला नाही. तो एका वस्तूच्या उत्पादनातून झाला आहे आणि ती वस्तू म्हणजे चौकट.

देरिदाने १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रविषयक ग्रंथात कांटच्या सौंदर्यमीमांसेतील चौकटीच्या प्रश्नाची जी चिकित्सा केली, ती येथे आठवावी. चौकट कलाकृतीचा भाग असते की तिच्या बाहेरची? कांटला ती अलंकरण वाटते. देरिदा असे दाखवतो की आत आणि बाहेर ही विभागणीच चौकटीमुळे शक्य होते, आणि काम पुरे होताच चौकट नजरेआड होते. मध्यस्थाच्या बाबतीत हे वर्णन अगदी शब्दशः लागू पडते. त्याचे यश त्याच्या अदृश्यतेत असते, म्हणून इतिहासात तो सापडत नाही.

चौकटीच्या धंद्यामुळे गांधींचा चित्रकारांशी रोजचा संबंध आला. त्या काळी मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीची (स्थापना १८८८) वार्षिक प्रदर्शने होती, पण आधुनिक चित्रांची वर्षभर विक्री करील अशी जागा नव्हती. आरा यांचे पहिले एकल प्रदर्शन १९४२ मध्ये ‘चेतना’ या उपाहारगृहात भरले, यावरून त्या अभावाची कल्पना येते. या परिस्थितीत आपल्या दुकानाच्या दर्शनी भागात आरा, हेब्बर, हुसेन यांसारख्या तरुण चित्रकारांचे काम लावण्यास गांधींनी सुरुवात केली. आरशांना व छायाचित्रांना चौकट करून घेण्यासाठी आलेल्या गिऱ्हाइकासमोर नवे चित्र अवचित उभे राहू लागले. प्रेक्षकवर्ग तयार होण्याची ही क्रिया अनियोजित आणि अनौपचारिक होती. तथापि तिचे महत्त्व कोणत्याही जाहीरनाम्याहून कमी नाही.

याच वर्तुळात नाझी राजवटीमुळे मायदेश सोडून आलेली तीन माणसे होती. रुडी फॉन लायडन समीक्षा लिहीत, वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक होते आणि इमॅन्युएल श्लेसिंगर औषधव्यवसायातील संग्राहक होते. युरोपीय आधुनिकतेचे भान त्यांनी बरोबर आणले आणि तरुण चित्रकारांना चर्चेची, पुस्तकांची व खरेदीची साथ दिली. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. समूहाचे पहिले प्रदर्शन १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवर भरले आणि मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. लगोलग सूझा लंडनला गेले, १९५० मध्ये रझा पॅरिसला आणि १९५१ मध्ये बाकरे लंडनला. समूह म्हणून प्रोग्रेसिव्हांचे आयुष्य अल्प ठरले. तरीही त्यांची कला पुढे मुंबईत रुजली, याचे स्पष्टीकरण केवळ समूहाच्या तेजस्वितेत शोधता येत नाही. समूह विखुरल्यावरही जे टिकले ते दुकान, समीक्षक, संग्राहक आणि सभागृह यांचे जाळे होते. बूर्द्यू ज्याला सांस्कृतिक निर्मितीचे क्षेत्र म्हणतो, त्याची ही मुंबईतील प्राथमिक मांडणी होय.

१९४७ हे वर्ष मराठी वाचकाला ‘काही कविता’मुळेही परिचित आहे. मर्ढेकरांच्या त्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. १९५४ मध्ये अकबर पदमसी यांना जहांगीर आर्ट गॅलरीतील चित्रांबद्दल तशाच आरोपाला सामोरे जावे लागले. दोघेही निर्दोष ठरले. नवकाव्य आणि नवचित्र यांचा हा समांतर प्रवास विलक्षण असला तरी त्यांच्या मध्यस्थांत मोठा फरक आहे. नवकाव्याला ‘सत्यकथा’ आणि मौजेसारखी संस्था लाभली. संपादकाचा हात संहितेत उतरला आणि त्याविषयीची चर्चाही मराठीत झाली. कविता छापली की तिच्या हजार प्रती होतात. चित्र मात्र एकच असते, ते एका घरी जाते आणि सार्वजनिक नजरेतून नाहीसे होते. म्हणून प्रकाशकापेक्षा कलाविक्रेत्यावरची जबाबदारी एका अर्थाने अधिक असते: विक्रीपूर्वी चित्र लोकांना दिसेल आणि विक्रीनंतर त्याची नोंद राहील, अशी दुहेरी व्यवस्था त्याला उभारावी लागते.

१९५२ मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली आणि शहराला प्रदर्शनासाठी प्रशस्त सार्वजनिक जागा मिळाली. परंतु सभागृह आणि गॅलरी यांत भेद केला पाहिजे. सभागृह चित्रकाराला भाड्याने मिळते. प्रदर्शन संपले की नातेही संपते. गॅलरी निवड करते, त्या निवडीची जोखीम पत्करते आणि चित्रकाराच्या पुढील कामाशी बांधील राहते. बाळ छाबडा यांनी १९५९ मध्ये भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत ‘गॅलरी ५९’ सुरू करून असा एक प्रयत्न केला होता. १९६३ मध्ये केकू गांधी व त्यांच्या पत्नी खोरशेद गांधी यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावरील छोट्या जागेत गॅलरी केमोल्ड उघडली. त्याच वर्षी काली पंडोल यांची गॅलरीही सुरू झाली. मुंबईत कलाविक्री हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहण्याचा आरंभबिंदू म्हणून या वर्षाकडे पाहावे लागेल.

केमोल्डची कथा एकट्या केकू गांधींची म्हणून सांगणे अपुरे ठरेल. गॅलरीचा दैनंदिन कारभार, चित्रकारांशी संवाद आणि निवडीतील सातत्य यांत खोरशेद गांधींचा वाटा मूलभूत होता. मध्यस्थ अदृश्य असतो हे खरे असेल, तर मध्यस्थाच्या संस्थेतील स्त्री दुहेरी अदृश्य असते. कलेतिहासाने या मुद्द्याचा गंभीरपणे विचार करणे आवश्यक आहे.

केमोल्डच्या इतिहासातील सैद्धान्तिकदृष्ट्या सर्वांत अर्थपूर्ण घटना १९७५ मधील आहे. त्या वर्षी डहाणू परिसरातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रे येथे प्रदर्शित झाली. मशे यांचे काम पाड्याबाहेर आणण्यात भास्कर कुलकर्णी यांचा पुढाकार होता. वारली लग्नविधीत सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर ‘चौक’ लिहितात. मधोमध पालघट देवी असते, धवलेरी गाणी गाते आणि लग्न पार पडल्यावर त्या चित्राचे प्रयोजन संपते. या चित्राला कर्ती आहे, पण सही नाही. कडा आहेत, पण टांगण्याची चौकट नाही. कागदावर उतरलेले आणि गॅलरीत लागलेले चित्र मात्र सहीचे, विकाऊ आणि टिकाऊ झाले. ते विधीपासून सुटले, स्त्रियांच्या हातून एका पुरुषाच्या हाती आले आणि एका चित्रकाराच्या नावाशी जोडले गेले.

या स्थित्यंतराला निव्वळ ऱ्हास म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण ज्या समाजाची नोंद ‘लोककला’ या निनावी सदरात होत होती, त्यातील एक माणूस नावानिशी कलावंत म्हणून उभा राहिला; मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. निव्वळ उद्धार म्हणणेही तितकेच एकांगी आहे. चौकातून चौकटीत जाताना काय हरवले, हा प्रश्न विक्रेत्याने नव्हे, तर समीक्षेने विचारायचा असतो. देशीवादाच्या चर्चेत परंपरा आणि आधुनिकता यांची जी द्वंद्वे मांडली गेली, त्यांना या उदाहरणाची जोड मिळाली असती, तर ती चर्चा अधिक मूर्त झाली असती.

१९८८ पासून गॅलरीची सूत्रे कन्या शिरीन गांधी यांच्याकडे आली. १९८९ मध्ये अतुल दोडिया यांचे पहिले एकल प्रदर्शन येथे झाले. १९९२ मध्ये नलिनी मलानी यांनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’ या कामात गॅलरीच्या भिंतींवरच रेखाटने केली; ती प्रदर्शनानंतर पुसली जाणार होती. चौकट विकून सुरू झालेल्या संस्थेने येथे जी विकता येत नाही अशी कलाकृती स्वीकारली. सतरा वर्षांपूर्वी याच गॅलरीने भिंतीवरचे नश्वर चित्र कागदावर आणून टिकाऊ केले होते. आता कागदाची सवय असलेली चित्रकर्ती नश्वर भिंतीकडे परतली होती. या दोन प्रसंगांमधील अंतर म्हणजे आधुनिकतेने स्वतःच्या चौकटीविषयी घेतलेल्या संशयाचा इतिहास आहे.

केकू गांधींची दृष्टी गॅलरीपुरती सीमित नव्हती. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय व्हावे यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत ते होते. ते १९९६ मध्ये कावसजी जहांगीर सभागृहाच्या वास्तूत सुरू झाले. १९९२–९३ च्या दंगलींच्या काळात वांद्रे परिसरात शांतता प्रस्थापित करण्याच्या प्रयत्नांतही ते सहभागी झाले. या दोन कृतींमागे एकच धारणा दिसते: कलेची गिऱ्हाइके असण्यासाठी आधी शहर असावे लागते, आणि शहर म्हणजे परस्परांना दिसू शकणाऱ्या माणसांची सार्वजनिक जागा.

मात्र या धारणेच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. ज्या वर्गाने ही चित्रे घेतली तो संख्येने लहान आणि मुख्यतः इंग्रजीत वावरणारा होता. प्रदर्शनांची पत्रके, परीक्षणे आणि चर्चा यांची भाषा प्रामुख्याने इंग्रजीच राहिली. द. ग. गोडसे, संभाजी कदम, प्रभाकर बरवे यांनी मराठीत कलाविचार समर्थपणे केला, तरी तो विचार आणि गॅलरीचा व्यवहार यांत नियमित देवाणघेवाण घडली नाही. गॅलरीने प्रेक्षक निर्माण केला हे खरे; पण त्याच शहरातील मोठा मराठी वाचक त्या प्रेक्षकवर्गाबाहेर राहिला. जबाबदारी एका बाजूची नाही. साहित्याच्या नियतकालिकांनी चित्राला मुखपृष्ठावर स्थान दिले. आतल्या पानांत ते क्वचितच चर्चेला घेतले.

पुढील काळात बाजाराचे स्वरूप पालटले. सुरुवातीला काही शे रुपयांत जाणाऱ्या चित्रांच्या पिढीतील हुसेन यांचे ‘ग्राम यात्रा’ (१९५४) हे चित्र २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. लिलावगृह किंमत ठरवते, परंतु चित्रकाराच्या पुढच्या चित्राशी त्याला कर्तव्य नसते. केमोल्ड २००७ मध्ये जहांगीरमधून फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवरील मोठ्या जागेत गेली. २०१२ मध्ये केकू आणि २०१३ मध्ये खोरशेद गांधी निवर्तले. जेरी पिंटो यांचे ‘सिटिझन गॅलरी’ (२०२२) हे पुस्तक आणि ‘केकी मंझिल’वरील माहितीपट यांनी ही कहाणी आता इंग्रजीत नोंदवली आहे.

मराठी समीक्षेपुढील काम मात्र शिल्लक आहे. किंमत आणि मूल्य यांत फरक करणे हे समीक्षेचे आद्य कर्तव्य मानले, तर ज्या काळात किंमत जवळजवळ नव्हती त्या काळात मूल्य कोणी, कशाच्या बळावर आणि कोणासाठी धरून ठेवले, याचा शोध घेणे अगत्याचे ठरते. हिशेबाच्या वह्या, पत्रव्यवहार, निमंत्रणपत्रिका, चौकटींच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठ्या ही त्या शोधाची साधने आहेत. संहितेचा सूक्ष्म पाठ करणाऱ्या समीक्षेने ही साधनेही संहितेसारखीच वाचावयास हवीत.