जकात आणि रहदारी

उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवताना काही शब्द मला थांबवतात. 'जकात' हा त्यातलाच. मुसलमानाच्या घरात जकात म्हणजे साठवलेल्या संपत्तीतून वर्षाला अडीच टक्के गरिबांसाठी काढायचा हिस्सा. मराठीत मात्र तो नाक्यावर गाडी अडवून घ्यायचा कर झाला. मुंबईतली जकात 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आल्यावर बंद झाली.

'रहदारी'चा प्रवास उलटा. आज आपण तो शब्द वाहनांच्या वर्दळीसाठी वापरतो. मूळ फारसीत राह म्हणजे रस्ता, राहदार म्हणजे रस्त्याचा राखणदार. मोगल काळात राहदारी हा वाटेवरचा कर होता. वाटसरूंना, मालाला चोरांपासून सांभाळायचे आणि त्याचे मोल घ्यायचे, ही त्यामागची कल्पना. जो रस्ता वापरेल त्याने पैसे द्यावेत, यात गैर काही नव्हते.

पण राखण मागे पडली आणि वसुली उरली. जागोजागी जहागीरदारांचे, जमीनदारांचे नाके. धान्याचे बैल जितके लांब जात तितके धान्य महाग होई. पैसे मोजायचा व्यापारी, पण ते जायचे भाकरी खाणाऱ्याच्या खिशातून.

बादशहांना हे कळत नव्हते असे नाही. 1605 मध्ये तख्तावर येताच जहांगीरने वाटेवरचे असे कर मना केले. पुढे औरंगजेबानेही राज्याच्या सुरुवातीला, महागाईच्या दिवसांत, राहदारी माफ केली. अर्ध्या शतकात तीच मनाई पुन्हा करावी लागली, यातच सारे आले. औरंगजेबाच्या हुकमानंतरही जहागीरदार आणि जमीनदार वसुली करतच राहिले, असे इतिहासकार खाफीखान सांगतो.

फेब्रुवारी 2021 पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. सप्टेंबर 2024 मध्ये उपग्रहाच्या मदतीने, कापलेल्या अंतरानुसार टोल घेण्यासाठी नियम बदलले. कमी वापरणाऱ्याने कमी द्यावे, हा न्याय मला पटतो. पण यंत्र फक्त किलोमीटर मोजते. त्या पैशांत खड्डा बुजला का, रात्री दिवा लागला का, अपघातानंतर मदत वेळेत पोहोचली का, हे आपल्यालाच विचारावे लागेल. राखणदारी नसेल तर राहदारी मागायचा हक्क कोणालाच नाही, मग नाक्यावर बादशहाचा शिपाई असो की कॅमेरा.