ध्रुवापलीकडचे गाव किती दूर?

भिंतीवरील जगाच्या नकाशात अलास्का अगदी डाव्या टोकाला आणि नॉर्वेच्या उत्तरेचे स्पिट्सबर्गन बेट मध्याच्या थोडे उजवीकडे दिसते. अलास्काच्या उत्तर टोकाला बॅरो हे गाव आहे (२०१६ पासून त्याचे नाव उत्किआग्विक), तर स्पिट्सबर्गनवर लाँगयिअरब्येन. मर्केटरच्या नकाशावर ही गावे सरळ रेषेने जोडून त्या रेषेवरून गेलो, तर सुमारे ५,००० किलोमीटर प्रवास होईल. आता पृथ्वीगोल घेऊ आणि त्याच दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरू. दोरा ध्रुवाजवळून जातो!

हे अंतर साध्या बेरजेनेही काढता येते. बॅरो ७१.३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे ध्रुवापासून १८.७ अंशांवर आहे. लाँगयिअरब्येन ७८.२ अंशांवर, म्हणजे ध्रुवापासून ११.८ अंशांवर. दोहोंच्या रेखांशांत सुमारे १७२ अंशांचा फरक असल्याने ती ध्रुवाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना येतात. म्हणून दोन्ही अंतरांची बेरीज करू : ३०.५ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले, की उत्तर येते सुमारे ३,४०० किलोमीटर.

कागदावर सोपी वाटणारी ही वाट माणसाला फार अवघड गेली. नान्सेन यांनी १८९३ मध्ये आपले 'फ्राम' जहाज सायबेरियाच्या उत्तरेस मुद्दाम बर्फात अडकू दिले. बर्फाबरोबर वाहत ते स्पिट्सबर्गनजवळ मोकळे झाले १८९६ मध्ये. मे १९२६ मध्ये अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले 'नोर्गे' या वायुजहाजातून स्पिट्सबर्गनहून ध्रुवावरून अलास्काला पोचले, ते सुमारे तीन दिवसांत.

विमानाने मात्र हे कोणी केले नव्हते. ऑस्ट्रेलियाचे ह्यूबर्ट विल्किन्स आणि वैमानिक बेन आयेल्सन यांनी ते मनावर घेतले. आयेल्सन हे पूर्वी अलास्कातील फेअरबँक्स येथे शाळाशिक्षक होते. १९२७ मध्ये दोघांना बर्फावर उतरून चालत परतावे लागले. हिमदंशाने आयेल्सन यांचे एक बोट गेले. तरीही १५ एप्रिल १९२८ रोजी बॅरोहून त्यांचे लॉकहीड व्हेगा विमान पुन्हा उडाले.

खरी कसोटी दिशेची होती. ध्रुवाजवळ रेखावृत्ते दाटीने एकत्र येतात. त्यामुळे आधी उत्तरेकडे, मग पूर्वेकडे आणि शेवटी दक्षिणेकडे, अशी एकाच प्रवासात दिशा बदलत जाते. शिवाय चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून दूर असल्याने होकायंत्राची सुई सतत वेगळा कोन दाखवते. विल्किन्स सूर्याचे वेध घेऊन मार्ग ठरवत होते. वाटेत कोठे अज्ञात भूमी आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी थोडा वळसा घेतला होता. सुमारे ३,५४० किलोमीटर उडून, २० तास २० मिनिटांनी ते वादळात स्पिट्सबर्गनजवळच्या एका निर्जन बेटावर उतरले. सरासरी वेग ताशी सुमारे १७४ किलोमीटर! त्याच वेगाने नकाशावरच्या सरळ रेषेवरून गेले असते, तर सुमारे २९ तास लागले असते.

ताशी ८५० किलोमीटर वेगाच्या आजच्या जेटला ३,४०० किलोमीटरसाठी चार तास पुरतील. पण या गावांत जेमतेम काही हजार माणसे राहतात. त्यांच्यामध्ये थेट विमानसेवा नाही. प्रवाशाला दक्षिणेकडे अँकरेज, पुढे युरोप, ऑस्लो आणि पुन्हा उत्तरेकडे, असे फिरून जावे लागते. अंतर भूगोल ठरवतो. प्रवासाचा वेळ मात्र वाहन, वाट आणि प्रवाशांची संख्या मिळून ठरवतात. विद्यार्थ्यांच्या हाती पृथ्वीगोल आणि दोरा दिला, तर यातील पहिली गोष्ट ते स्वतःच मोजून पाहतील. दुसरीवर वर्गात चर्चा रंगेल.