भाताच्या खाचरातला हिशेब

१९९० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज असा, की भारतातली भातशेती वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन हवेत सोडते. म्हणजे तापमानवाढीच्या आरोपींत आपला शेतकरीही! पण हा आकडा आपल्या शेतात मोजलेलाच नव्हता. अमेरिका-युरोपातल्या शेतांवरून गुणाकार केलेला.

मग दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशात मोजणीची मोहीम झाली. रोपांवर पेटी ठेवायची, आतली हवा सिरिंजने ओढायची, प्रयोगशाळेत तपासायची. आकडा आला सुमारे ४० लाख टन. नऊ पटींहून जास्त फरक!

कारण साधं आहे. मिथेन बनतो तो सतत पाणी तुंबलेल्या, सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या चिखलात. आपली बरीच खाचरं पावसावरची, मधेच सुकणारी.

मंडळी, हा वाद आपण आरडाओरडा करून नाही, मोजून जिंकला. आता तोच नियम कचरा डेपोलाही लावू. ओल्या कचऱ्याच्या ढिगाखालीही मिथेन बनतोच. आपल्या गावात तो मोजतंय कोण?