परस्परसंवादी प्रक्षेपित टेबल

परस्परसंवादी प्रक्षेपित टेबल हे खेळ, संगीत व अध्यापन यांसाठी वापरले जाणारे संगणकीय साधन आहे. त्याच्या पृष्ठभागावर प्रोजेक्टरने पट उमटवला जातो. खेळाडूचे बोट किंवा सोंगटी कोठे आहे हे कॅमेरा टिपतो व त्यानुसार पट बदलतो. हा मागोवा बहुधा अवरक्त प्रकाशाने घेतला जातो.

अवरक्त प्रकाशाची गरज

साध्या कॅमेऱ्याला हात आणि प्रक्षेपित चित्र दोन्ही दिसतात. चित्राचे रंग हातावरही पडत असल्याने दोन्ही वेगळे ओळखणे कठीण जाते. म्हणून चित्र दृश्य प्रकाशात दाखवले जाते आणि मागोवा अवरक्त प्रकाशात घेतला जातो. मानवी डोळ्याला सुमारे ७०० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. कॅमेऱ्यातील सिलिकॉन संवेदक मात्र सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंत प्रतिसाद देतो. ८५० नॅनोमीटरचे एलईडी लावून कॅमेऱ्यासमोर दृश्य प्रकाश अडवणारी गाळणी बसवली, की कॅमेऱ्यापुरते प्रोजेक्टरचे चित्र नाहीसे होते. साध्या वेबकॅममध्ये अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते. ती आधी काढावी लागते. हौशी मंडळींनी गाळणी म्हणून फ्लॉपीतील चुंबकीय चकतीही वापरली आहे.

रचना

जेफ हान यांनी २००५ मध्ये मांडलेल्या रचनेत ॲक्रिलिकच्या तक्त्यात कडेने अवरक्त प्रकाश सोडला जातो. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९ असल्याने ४२ अंशांहून अधिक कोनात आपटणारे किरण पूर्ण आंतरिक परावर्तनाने आतच राहतात. बोट टेकते तेथे ते निसटतात आणि खालच्या कॅमेऱ्याला ठिपका दिसतो. बार्सिलोना येथील ‘रिॲक्टेबल’ या वाद्यात मात्र सोंगट्यांच्या तळाशी चिन्हे छापलेली असून ती खालून अवरक्त प्रकाशाने उजळली जातात. कॅमेरा व प्रोजेक्टर यांचे निर्देशांक जुळवण्यासाठी किमान चार ज्ञात बिंदू लागतात.

मर्यादा

सूर्यप्रकाशात अवरक्त किरण विपुल असल्याने खिडकीजवळचे टेबल दिवसा निकामी ठरते. दुसरी अडचण वेगाची आहे. कॅरमचा स्ट्रायकर सेकंदाला ३ मीटर वेगाने गेला, तर सेकंदाला ६० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांदरम्यान तो ५ सेंटिमीटर पुढे सरकतो. त्यामुळे सापशिडी सहज जमते, कॅरम नाही.

नाशिकमध्ये जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी १९९९ मध्ये सहकाऱ्यांसह टेबलावरील भौतिक प्रतिकृतींवर चित्र प्रक्षेपित करण्याची पद्धत मांडली. २००७ मधील ‘प्रकाश’ या प्रणालीत त्यांच्या गटाने कॅमेराच वगळला. तीत अवरक्त प्रक्षेपक सांकेतिक पट्टे झपाट्याने बदलत टाकतात आणि वस्तूवर बसवलेला प्रकाशसंवेदक ते वाचून आपले स्थान स्वतःच काढतो. प्रत्येक संवेदक स्वतंत्रपणे काम करत असल्याने वस्तूंची संख्या वाढली तरी मागोवा मंदावत नाही.