फेनच्या भिंतींची साक्ष

हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि खडक फसफसला, की तो चुनखडक. आणि चुनखडक म्हणजे गाळाचा खडक. वर्गात आपण असेच शिकवतो. १९२१ साली नॉर्वेचे भूवैज्ञानिक ब्रॉगर यांनी यातल्या दुसऱ्या वाक्याला हात घातला. त्यांचे वय तेव्हा सत्तरीला आले होते.

टेलेमार्क प्रांतातल्या फेन येथे सतराव्या शतकापासून लोखंडाच्या खाणी होत्या. तिथे ग्रॅनाइटी नाइसच्या मधोमध कॅल्साइटने भरलेला खडक आहे. हा गाळ नव्हे, शिलारस थिजून झालेला खडक आहे, असे ब्रॉगर यांनी मांडले आणि त्याला ‘कार्बोनेटाइट’ म्हटले. भोवतीचा ग्रॅनाइटी खडकही मूळचा राहिलेला नव्हता. त्यातले क्वार्ट्झ नाहीसे झाले होते आणि अल्कली फेल्स्पार व एजिरीन हे सोडियम-लोहयुक्त हिरवे खनिज आले होते. खडक वितळला नव्हता. जागच्या जागी त्याचे रसायन बदलले होते. या खडकाला त्यांनी ‘फेनाइट’ हे नाव दिले.

१९२४ मध्ये अमेरिकेतील नॉर्मन बोवेन यांनी याला विरोध केला. आधीच्या अग्निजन्य खडकांतली खनिजे उष्ण द्रावणांनी काढून त्यांच्या जागी कॅल्साइट भरले, असे त्यांचे म्हणणे. बोवेन हे शिलारसाच्या रसायनातले मोठे नाव. शिवाय शुद्ध कॅल्साइट दाबाखाली वितळवायला १३०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते, हे नुकतेच प्रयोगाने दिसले होते. शंका रास्तच होती. पुढली पस्तीसेक वर्षे हा वाद चालू राहिला.

१९६० साली दोन गोष्टी घडल्या. वायली आणि टटल यांनी प्रयोगशाळेत दाखवले, की दाबाखाली पाणी सोबत असेल तर कॅल्साइटयुक्त द्रव सुमारे ६५० अंशांनाही टिकतो. त्याच वर्षी टांगानिकातल्या (आजचा टांझानिया) ओल डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीच्या विवरात डॉसन यांनी काळा, पातळ कार्बोनेटी लाव्हा वाहताना पाहिला. हा लाव्हा हवेतील ओलावा घेऊन लवकरच पांढरा पडतो. त्यात सोडियम भरपूर असते.

इथे मला फेनाइट आठवतो. फेनच्या कार्बोनेटाइटमध्ये आज सोडियम फारसे नाही, पण भोवतीच्या खडकात ते बाहेरून आले आहे. मग ते आले कुठून? शिलारस थंड होताना त्यातून सुटलेल्या उष्ण, अल्कलीयुक्त द्रवाबरोबर ते भेगाभेगांतून भिंतींत शिरले. म्हणजे थिजलेला कार्बोनेटाइट हा मूळ शिलारसाचा अपुरा हिशेब आहे. उरलेली नोंद भिंतींत सापडते. ब्रॉगर यांनी दोन्ही खडक एकत्र वाचले. मला त्यांचे खरे कर्तृत्व तिथे वाटते. (बोवेन सर्वस्वी चुकले, असे मात्र म्हणू नये. उष्ण द्रावणांनी खडक बदलतात, हे त्यांचे म्हणणे खरेच होते.)

आपल्याकडे हे पाहायचे तर गुजरातेत छोटा उदेपूरकडचा अंबा डोंगर आहे. तिथला कार्बोनेटाइट मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे सुखेश्वाला आणि त्यांचे सहकारी उदास यांनी १९६३ मध्ये प्रसिद्धीस आणला. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे, म्हणजे दख्खनच्या लाव्हांच्या काळातले. तिथे बाघ वालुकाश्माचेही फेनाइट झाले आहे. ज्या खडकात मुळात बहुतांशी क्वार्ट्झचे कणच होते, त्यात आता फेल्स्पार भरलेले दिसते.