दात्याचा पुतळा आणि दात्याचा बंधारा

आपल्या चिंचवड-पिंपरीवरून वाहत गेलेली पवना दापोडीपाशी मुळेला मिळते, पुढे पुण्याच्या संगमावर मुठा येऊन मिळते, आणि तेथून थोड्याच अंतरावर हे सारे पाणी एका दगडी बंधाऱ्यापाशी येते. हा सर जमशेटजी जिजीभाई यांचा बंधारा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्याला आणि लष्कराला पाणी मिळावे म्हणून या मुंबईकर पारशी शेटजींनी त्यासाठी मोठी रक्कम दिली. काठच्या बागेला आता महात्मा गांधींचे नाव आहे, पण लोकांच्या तोंडी अजून ‘बंडगार्डन’च. त्या ‘बंडा’चा अर्थ बांध एवढाच, आम्हा युनियनवाल्यांना जे बंड प्रिय असते, ते हे नव्हे!

जमशेटजींचे दुसरे स्मारक मुंबईच्या टाउन हॉलात, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत आहे. मारोचेत्ती या शिल्पकाराने घडविलेला हा पुतळा १८५८ साली, म्हणजे सत्तावन्नची धग पुरती विझली नव्हती अशा काळात, आणि खुद्द शेटजी हयात असताना उभा राहिला. पुढल्याच वर्षी ते वारले.

ज्याचा पुतळा झाला तो माणूस श्रीमंताघरी जन्मलेला नव्हता. जन्म १७८३ चा. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपले, आणि पोर मामाच्या जुन्या बाटल्यांच्या धंद्यात राबू लागले. मग चीनच्या सफरी. १८०५ साली तर त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण डॉक्टर होता. ती ओळख पुढे व्यापारी भागीदारी ठरली.

आता जरा अवघड जागी यावे लागते. हा व्यापार कापसाचा होता, तसा अफूचाही होता. माळव्याच्या शेतकऱ्याने पिकविलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. चीनच्या बादशहाने ती बंद करू पाहिली, तेव्हा इंग्रजांनी १८३९ साली तोफा डागल्या. ते युद्ध १८४२ साली संपले, आणि त्याच साली जमशेटजींना ‘सर’ ही पदवी मिळाली. असा किताब मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. पदवी दानधर्माबद्दल होती हे खरे. पण दानाची थैली कोठे भरली, हे कॅण्टनच्या व्यसनी हमालाला विचारले असते तर त्याने निराळे उत्तर दिले असते.

म्हणून काही तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात, अशा पुतळ्याला हार कशाला घालायचा? त्यांचा राग आम्हाला कळतो. वर्गणीच्या पैशाचा हिशेब मागण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले, तेव्हा शेटजींच्या पैशाचाही हिशेब मागितलाच पाहिजे. पण हिशेबाला दोन बाजू असतात. १८४५ साली उघडलेल्या जे. जे. रुग्णालयासाठी त्यांनी लाख रुपये दिले. त्या खाटांवर गिरणीतल्या कामगारांच्या पिढ्या बऱ्या झाल्या. माहीमच्या खाडीत माणसे बुडत, सरकार हात आखडून बसलेले. तेव्हा त्यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये देऊन १८४५ साली रस्ता बांधविला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून जकात घ्यायची नाही अशी अट घातली. पथकर नाक्यावर ताटकळलेल्या आमच्या चाकणच्या ट्रकड्रायव्हरांना ही अट सांगितली की ते बाईंना हात जोडतात. या बाईंचा मात्र एवढा गाजलेला पुतळा नाही.

दान आणि अफू ही दोन्ही एकाच माणसाची. एक झाकून दुसरे सांगणारा, मग तो स्तुतिपाठक असो की निंदक, इतिहास सांगत नाही. पुतळ्याखालच्या पाटीवर दोन ओळी अधिक कोराव्यात, पुतळा मात्र हलवू नये, असे आमचे मत आहे.

बंधाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचे दगड ज्यांनी फोडले, डोक्यावर वाहिले, त्या माणसांची नावे कोणी कोरली नाहीत. पण त्यांचे काम दीडशेहून अधिक पावसाळे नदीच्या माऱ्यापुढे उभे आहे. उन्हाळ्यात तेथे जाऊन पाहावे. पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला असतो, आणि त्याखालच्या काळ्या पाण्यात आपल्या पिंपरी-चिंचवडच्या गटारांचा आणि कारखान्यांचा वाटा असतो.